मदत हवी आहे: पदवी प्रमाणपत्र वितरण, 380 विद्यार्थी आणि पाहुण्यांचे भाषण

गोदाकाठ:
आमच्या स्वायत्त महाविद्यालयाचा समारंभ मार्चमध्ये आहे. 380 पदवीधर, सहा शाखा, 700 खुर्च्यांचे सभागृह, वेळ सकाळी 10 ते 1. प्रमुख पाहुण्या शास्त्रज्ञ आहेत. प्रत्येकाला मंचावर बोलावून वेळेत आटपेल का? भाषण प्रमाणपत्रांच्या आधी की नंतर, किती मिनिटे, कोणत्या भाषेत? आणि गाऊन की उपरणे? जाणकारांनी नेमके सांगावे.

मानदंड:
आधी नावांचे गणित मांडा. एकाला 10 सेकंद धरले तर 380 जणांना 63 मिनिटे. शाखा बदलताना रांग हलायला दोन-दोन मिनिटे, म्हणजे सव्वा तास. वेळ कमी पडली तर काहीही कापा, हा सव्वा तास कापू नका. पालक पहाटेची एसटी पकडून येतात ते आपल्या मुलीचे नाव माइकवर ऐकायला.

10 सेकंद साधतात ते चिठ्ठीमुळे. यादीवरून नावे पुकारली की दोन-तीन गैरहजर निघताच क्रम घसरतो आणि पुढे प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचे प्रमाणपत्र पडते. त्यापेक्षा नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला चिठ्ठी द्या. नाव त्याने स्वतः देवनागरीत लिहावे, मंचाच्या पायरीवर ती निवेदकाच्या हातात द्यावी. परीक्षा विभागाची यादी बहुधा इंग्रजीत असते. त्यावरून साठे की साथे, काणे की काने, कळत नाही. निवेदक दोन ठेवा, शाखेगणिक आलटून पालटून.

मंचावर सर्वांना एकसारखी फाईल द्या. मूळ प्रमाणपत्र नंतर खिडकीवर, सही घेऊन. हे विद्यार्थ्यांना आधीच सांगा, नाहीतर फाईल उघडून पालक घाबरतात. फोटोसाठी उभे राहायच्या जागी जमिनीवर रंगीत टेप लावा.

पत्रिकेत ‘दीक्षान्त’ छापू नका असे माझे मत. महाविद्यालय स्वायत्त असले तरी पदवी विद्यापीठाचीच असते.

शब्दवेळ:
भाषण लांबते त्याचा दोष बहुतेक वेळा पाहुण्यांकडे नसतो. त्यांच्याआधी प्रास्ताविक, अहवाल, संस्थाध्यक्षांचे मनोगत. प्रत्येकी ठरलेली पाच मिनिटे, होतात बारा. अहवाल छापून खुर्च्यांवर ठेवा. परिचय 120 शब्दांत बसवा आणि तो पाहुण्यांकडूनच तपासून घ्या; जुन्या पदाचा उल्लेख ही नेहमीची चूक आहे.

निमंत्रणपत्रात ‘मार्गदर्शन करावे’ एवढेच लिहिले तर भाषणही तसेच मोघम येते. किती पदवीधर, कोणत्या शाखा, घरातले पहिले पदवीधर किती, पालक कोणती भाषा बोलतात, हे कळवा. वेळ 12 मिनिटे. मिनिटाला साधारण 100 शब्द, म्हणजे 1200 शब्दांचा मजकूर. आठ दिवस आधी प्रत मागा.

भाषा मराठीच सुचवा. शास्त्रीय संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालेल. 1937 साली कोलकाता विद्यापीठात रवींद्रनाथ टागोरांनी दीक्षान्त भाषण बंगालीत केले, तोवर तिथे ते इंग्रजीतच होत असे. समोर बसलेल्यांच्या भाषेत बोलल्याने समारंभाचा मान वाढतो.

गोदाकाठ:
धन्यवाद, चिठ्ठीची कल्पना लगेच घेते. पण विद्यापीठात तर आधी पदव्या, मग भाषण असते ना?

शब्दवेळ:
हो, कारण तिथे बहुतेकांना पदवी विद्याशाखेनुसार एकत्र जाहीर होते. मंचावर येतात ते पदकविजेते आणि पीएचडीधारक. तुमच्याकडे सगळेच येणार. ज्याची फाईल हाती आली तो फोटोसाठी बाहेर जातो, आणि सहाव्या शाखेनंतर पाहुण्यांसमोर रिकाम्या खुर्च्या उरतात. भाषण आधीच ठेवा, 10:40 ला. 380 फाइली पाहुण्यांच्या हातून देऊ नका. पदके त्यांनी द्यावीत, शाखेच्या फाइली विभागप्रमुखांनी.

टाकाधागा:
उपरणे घ्या. मार्चच्या उन्हात सिंथेटिक गाऊन असह्य होतो, शिवाय भाड्याचे गाऊन परत मोजून घेण्यात संध्याकाळ जाते. सुती हातमागाचे, दोन मीटरचे पुरे. डाव्या खांद्यावर सेफ्टी पिन लावायची. पिना 380 नव्हे, 500 आणा.

मान्यवर मात्र गाऊन घालणार असतील तर दीपप्रज्वलन गाऊन चढवण्याआधी उरका. त्या रुंद बाह्या समईवर येतात. वातींच्या टोकाला कापराची पूड लावून ठेवा आणि तेवढा वेळ मंचावरचे पंखे बंद ठेवा.