गावाबाहेरच्या प्लॉटिंगचे पहिले दिवस : तुमच्या आठवणी लिहा

अबोली : परवा कॉलनीतला रस्ता काँक्रीटचा करायला घेतला. जेसीबीच्या बकेटात आमच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड वर आला. लाल ऑइलपेंटनं लिहिलेला 14 अजून वाचता येतो. धुऊन तुळशीजवळ ठेवलाय. आम्ही आलो तेव्हा इथे नुसती ज्वारीची धसकटं आणि फक्कीच्या रेघा. आई रेघेवर उभी राहून म्हणाली, "ही भिंत. इथे चूल." पाहुणे यायचे असले की बाबा बॅटरी घेऊन फाट्यावर उभे. तुमच्याकडचंही लिहा ना.

मृगसरी : धसकटं वाचूनच टाचा दुखल्या! आमची काळी माती, पाऊस पडला की चपला हातात. मी लग्न होऊन आले तेव्हा गाडी फाट्यावरच थांबली, सासऱ्यांनी वाटेवर पोती अंथरली. कुकर लावलाय, बाकी नंतर.

बांधावरचा : आमचं एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, नव्हतं. 11 गुंठे चौघांत सामाईक, सातबाऱ्यावर चौघांची नावं. 1947 चा तुकडेबंदी कायदा, जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा, त्यामुळे वेगळा उतारा मिळेना. कर्ज काढायचं तर चौघांच्या सह्या. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. घेणाऱ्यांनो, आधी उतारा बघा, कमान नंतर.

सायली_२२ : आमच्यात माणसंसुद्धा नंबरानंच. नवाच्या काकू, बावीसचे अण्णा. नवाच्या काकू मागच्या वर्षी गेल्या, तेव्हा फलकावर त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं. किती वर्षं त्यांच्या हातची भाकरी खाल्ली होती मी.

तेरणाकाठ : आमचं प्लॉटिंग सरकारी. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. जुन्या गावात दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, तेच अंगावर आलं. आधी पत्र्याची शेडं, मग नवं गाव, सगळी घरं एका रांगेत, एकसारखी. आजी दुसऱ्याच्याच दारात जाऊन बसायची. शेवटी काकांनी आमच्या दाराला हिरवा रंग दिला. झोपायची मात्र अंगणातच, थंडीतसुद्धा.

मृगसरी : आले परत. तेरणाकाठ, गलबललं हो. आजींना नमस्कार.

पाणकळा : बोअर कुणाची किती फुटांवर लागली? आमची तिसरी लागली. तोवर अख्खी ओळ एका हापशावर.

बांधावरचा : पाणकळा, हापशावर भांडणं आणि सोयरिकी दोन्ही जमल्या आमच्याकडे! माझ्या थोरल्या बहिणीची तिथलीच.

सायली_२२ : अबोली, दगडाचा फोटो टाक ना.

अबोली : उद्या टाकते गं. आता अंधार पडलाय, आई तुळशीपाशी दिवा लावतेय.