रोझमेरी केनेडीला कोणीच नव्हतं?
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी केनेडी, तिला शेवटपर्यंत कोणीच नव्हतं असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. १९४१ मध्ये बापाने बायकोलाही न विचारता तिची लोबोटॉमी (मेंदूवरची शस्त्रक्रिया) करून घेतली, पोरगी जेमतेम २३ ची, चालणं-बोलणं जवळपास सगळं गेलं आणि १९४९ पासून रवानगी विस्कॉन्सिनच्या सेंट कोलेटात, म्हणजे नन्स चालवत असलेल्या बौद्धिक अपंगांच्या संस्थेत. आवारात वेगळं घर दिलं तिला, पैशाला काय तोटा, पण बाप तिकडे फिरकलाच नाही. मग तिथल्या नन्सच तिला पोहायला नेणार, तिच्याशी पत्ते खेळणार. ड्युटी म्हणा हवं तर, मला तरी ती मैत्रीच वाटते बुवा. १९६१ मध्ये बापाला स्ट्रोक आला, त्यानंतर कुठे आई आणि बहिणी जायला लागल्या, बहीण युनिसने तर १९६२ मध्ये मासिकात तिच्याबद्दल उघड लिहूनच टाकलं.