डेंग्यूच्या केस स्टडीत पहिलं डायग्नोसिस कोणतं?

ऐरोलीची जीएनएम, दुसरं वर्ष
नर्सिंगच्या कोर्समधलं माझं पोस्टिंग मेल मेडिकल वॉर्डला होतं. पेशंट २६ वर्षांचा, रबाळे एमआयडीसीत कामाला. डेंग्यू, पाचवा दिवस, ताप आदल्या रात्रीच उतरलेला. प्लेटलेट ३८ हजार, रक्तस्राव कुठेच नाही. पण पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, रक्त घट्ट झालं की वाढतं) ३८ वरून ४६ वर गेलेला, सहा तासांत लघवी जेमतेम १२० मिली आणि सकाळचं बीपी १००/८०. हात गार लागले म्हणून सिस्टरना हाक मारली, डॉक्टर आले, सलाईन वाढवलं. आता तो बरा होऊन घरी गेलाय.

केअर प्लॅनमध्ये (शुश्रूषेचा आराखडा) नर्सिंग डायग्नोसिस महत्त्वाच्या क्रमाने लिहायची असतात. मी पहिलं ‘डेफिशियंट फ्लुइड व्हॉल्यूम’ (शरीरात द्रव कमी पडणं) लिहिलं. शिकवणाऱ्या मॅडमनी ते खोडून ‘रिस्क फॉर ब्लीडिंग’ (रक्तस्रावाचा धोका) वर घ्यायला लावलं. मला पटत नाही.

सिस्टर, ठाणे
मॅडमचं बरोबर आहे. सलाईनचा वेग डॉक्टर ठरवतात. नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे ज्यावर आपण स्वतः काही करू शकतो ते. इंट्रामस्क्युलर इंजेक्शन टाळणं, मऊ ब्रश देणं, हिरड्या बघणं, शौच काळी होते का विचारणं, ही सगळी आपली कामं.

नाईट ड्युटी, वाशी
ताई, इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. १००/८० मधला वरचा आकडा बघून कुणीही ‘बीपी ठीक आहे’ म्हणेल. दोन आकड्यांत अंतर फक्त २० उरलंय, हा शॉकचा (रक्ताभिसरण कोलमडण्याचा) इशारा आहे. तो पकडला कुणी? हात धरून बघणाऱ्या या मुलीने. तासातासाला बीपी आणि लघवी मोजणं हे आपलं काम नाही तर कुणाचं? शिवाय डेंग्यूत मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा शॉक लांबला की होतो. पाणी आधी.

तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नेरूळ
आमच्याकडे डेंग्यू म्हटलं की ‘हायपरथर्मिया’च (वाढलेला ताप) पहिलं लिहितात.

नाईट ड्युटी, वाशी
अरे, ताप उतरलाय. डेंग्यूत खरा धोका तिथूनच सुरू होतो. प्लॅन पेशंटचा लिहायचा, आजाराचा नाही.

सिस्टर, ठाणे
बीपीचं मान्य, पण ‘डेंग्यूमुळे’ असं कारण लिहू नकोस, ते मेडिकल डायग्नोसिस झालं. ‘प्लाझ्मा रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे’ (प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग) लिही आणि पुरावा म्हणून पीसीव्ही, लघवी, गार हात दे. रिस्कच्या डायग्नोसिसला लक्षणं जोडायची नसतात, तिथे फक्त प्लेटलेटचा आकडा. तरीही ब्लीडिंगला दुसऱ्या नंबरच्या खाली ढकलू देणार नाही. पीसीव्ही उतरूनही पेशंट सुधारत नसेल तर आत रक्तस्राव चालू असू शकतो. दुपारचा पीसीव्ही किती होता?

ऐरोलीची जीएनएम, दुसरं वर्ष
४१, ताई. लघवी नीट होऊ लागली होती, हातही गरम झाले होते. हा आकडा मी प्लॅनमध्ये घातलाच नव्हता. उद्या तो घालून मॅडमना परत दाखवते.