बदलीच्या मधल्या काळात पाळकाने स्वतःचं मूल्यमापन कसं करावं?

प्रभारी_पाळक

सर्वांना प्रभूत सलाम.

नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) मी सध्या प्रभारी आहे. आधीचे पाळकसाहेब इथे जवळपास वीस वर्षं होते. निवृत्त झाले आणि गावातच घर बांधून राहिले. कायमचा पाळक कधी येणार हे बिशपसाहेबांनाच ठाऊक, तोवर मी. आता ऑफिसातून निरोप आलाय की आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) आधी दोन पानांचं स्वमूल्यमापन लिहून पाठवा. एका मित्राने अमेरिकेतल्या कुठल्याशा चर्चचा नमुना पाठवला. त्यात उपदेश, गृहभेटी, कारभार, संघर्ष हाताळणं अशा प्रत्येक गोष्टीपुढे स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे आहेत. मी पेन घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो.

रविवारची हजेरी वाढली आहे. पण वाढली कोण? आधीच्या साहेबांशी बिनसलं म्हणून जे घरी बसले होते ते परत आले. आणि साहेबांच्या जवळचे जे होते ते आता शेवटच्या बाकावर बसतात, आशीर्वाद होण्याआधी उठतात आणि बुधवारी साहेबांच्या घरी प्रार्थनेला जमतात. याला चार गुण द्यायचे की दोन?

दानार्पणाचंही तेच. कापणीच्या सणाला लिलावात एका भोपळ्यावर दोन्ही गटांनी अशी चढाओढ केली की त्या भावात बकरं आलं असतं. वहीत आकडा फुगलेला दिसतो. तो माझ्या सेवेचं फळ म्हणून लिहू?

परवा एका मुलीचं लग्न होतं. घरच्यांची इच्छा होती की जुन्या साहेबांनीच लावावं, तिचा बाप्तिस्माही त्यांनीच केलेला. शेवटी विधी मी चालवला, आशीर्वाद त्यांनी दिला, रजिस्टरवर सही माझी. अर्धी मंडळी म्हणते पाळक मऊ आहे, अर्धी म्हणते म्हाताऱ्याचा मान हिसकावला. दोन्ही बाजू नाराज म्हणजे मी मध्यावर आहे, असा एक सोयीचा अर्थ निघतो. मला तो फारसा पटत नाही. कदाचित दोघांचंही म्हणणं खरं असेल.

तर विचारायचं हे, की अशा काळात काम करणाऱ्याने स्वतःला नेमके कोणते प्रश्न विचारावेत? ज्यांनी अशी सेवा केली आहे त्यांनी कृपया लिहा. "प्रार्थना करा" हे उत्तर मला माहीत आहे, ते चालूच आहे.

निवृत्त_नगरकर

पाळकसाहेब, सलाम. नातू टाईप करतोय, चुका असतील तर त्याच्या.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा मी ऐन पंचविशीत होतो. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे. सभासदांच्या सभेत हात वर करून सगळं ठरायचं. तिथे एकदम बिशप आले, झगे आले, छापील उपासनाक्रम आला. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणतेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य, असं कागदावर ठरलं. प्रत्येक घरात वाद मात्र पुढे चालू राहिला. त्या दिवसांत माझ्या बऱ्याच नेमणुका तुमच्यासारख्याच, मधल्या.

गुणांचा तक्ता बाजूला ठेवा आणि बायबलमधलं पौलाने तीताला लिहिलेलं पत्र उघडा. पौलाने त्याला क्रेत बेटावर मागे ठेवलं ते राहिलेली व्यवस्था लावायला आणि गावोगाव वडील नेमायला. त्याच पत्राच्या शेवटी सांगितलं, अर्तमास किंवा तुखिक यांपैकी कोणी सहकारी तुझ्याकडे आला की तू माझ्याकडे निघून ये. म्हणजे तीतही प्रभारीच! त्याच्या उपदेशाला किती लोक जमतात हे पौलाने त्या पत्रात कुठे विचारलंय?

मी स्वतःला विचारायचो, उद्या ताप आला तर रविवारची उपासना कोण चालवेल? पहिल्या महिन्यात एकच नाव असायचं. निघताना तीन-चार तरी असावीत, त्यात एखादी बाई आणि एखादा तरुण संघातला. दुसरं, गृहभेटींची डायरी काढून कुठल्या घरी गेलो हे नाही, कुठल्या गल्लीत पाऊल पडलं नाही ते बघायचो. आपल्या मंडळ्यांमध्ये मिशनच्या काळापासून पूर्वजातीची रेष आहे. कोणी बोलत नाही, पण कमिटीच्या निवडणुकीत ती बरोबर दिसते. तुमच्याकडचे दोन गट खरंच जुन्या साहेबांवरून पडलेत की आधीचेच आहेत, हे तपासा. आधीचे असतील तर तुम्ही कितीही मध्यावर उभे राहा, भांडण तुमचं नाहीच.

आणि साहेबांच्या घरी बुधवारी तुम्ही स्वतः गेलात का कधी? पाहुणा म्हणून जा. मागे बसा.

सोलापूर_ते_जर्सी

मी मूळचा सोलापूरचा. न्यू जर्सीत एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये ही मधल्या काळाचीच सेवा करतो, म्हणून त्या नमुन्याबद्दल थोडं.

इकडे 1970 च्या दशकापासून हे वेगळं काम मानलं जातं. लोरेन मीड यांनी 1974 मध्ये मंडळ्यांना मदत करणारी आल्बन इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू केली, तिथून या विचाराला जोर आला. मधल्या पाळकाची पाच कामं सांगतात: मंडळीला तिच्या इतिहासाशी समेट करायला लावणं, आज आपण कोण आहोत ते शोधणं, पुढाऱ्यांमधला बदल नीट होऊ देणं, मोठ्या चर्चशी नातं पुन्हा जोडणं, आणि नव्या वाटेला बांधून घेणं. तुमच्याकडचा तक्ता बहुधा यातूनच बेतलेला असणार.

पण या तक्त्यामागे आमच्याकडे कुंपणं आहेत. नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांची, पुढे मंजुरीने वाढते. मधला पाळक सहसा त्याच मंडळीचा कायमचा पाळक होऊ शकत नाही. अपवाद करायचा तर प्रेस्बिटरीत (भागातल्या मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेत) तीन-चतुर्थांश मतं लागतात. आधीच्या पाळकाला सेशनच्या (मंडळीच्या वडिलांच्या कमिटीच्या) अध्यक्षाने बोलावल्याशिवाय सभासदांची लग्नं-दफनं करता येत नाहीत. तुमच्या लग्नाचा पेच इथे नियमाने सुटला असता, तिथे तो तुमच्या अंगावर आला. जे हातातच नाही त्याचे गुण स्वतःला देऊ नका, कापूही नका.

एक प्रश्न मात्र कुंपण नसल्यामुळे तुम्हाला जास्त लागू आहे. तुम्हाला तिथेच कायम राहायचंय का? तसं असेल तर प्रत्येक निर्णय त्या बाजूला थोडा झुकतो, आणि झुकणाऱ्याला ते कळत नाही.

खजिनदारबाई

पाळकसाहेब, मी दुसऱ्या डायोसीसमधली (बिशपच्या प्रांतातली), तिथल्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे. आमच्याकडे असे मधले पाळक येऊन गेलेत, म्हणून बाकावरून काय दिसतं ते सांगते.

भोपळ्याचे पैसे आले का? लिलावात बोली सगळेच लावतात, वसुलीला कमिटी फिरते. आधी ते बघा.

मग रजिस्टरं. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन. लग्नाची नोंद तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने बंधनकारक आहे, पासपोर्टाच्या वेळी लोक दाखल्यासाठी आमच्याच दारात येतात. जुनी पानं कोरी असतील तर जुन्या साहेबांकडे बसून भरून घ्या, त्यांना मानही मिळेल. बँकेत सह्या कुणाच्या, ऑडिट कुठवर आलंय, कब्रस्तानाचा उतारा कुणाच्या कपाटात आहे, हे सगळं नव्या पाळकाला एका फायलीत मिळालं तर आम्ही तुम्हाला पाचपैकी पाच देऊ. उपदेश लांबला तरी.

आणि दोन पानांतलं एक पान महिला मंडळाला लिहू द्या. नावं न घालता. आम्हाला बरंच माहीत असतं.

प्रभारी_पाळक

सगळ्यांचे आभार. भोपळा ज्यांनी घेतला त्यांनी खाल्ला, पावती अजून फाटायची आहे. बाई, तुम्ही नेमकं धरलंत.

बुधवारी मी गेलेलो नाही. या आठवड्यात जातो. डायरीही काढली, रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत माझी एकही भेट नाही, आणि शेवटच्या बाकावरची दोन घरं तिकडचीच आहेत.

जर्सीकरांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, राहायचंय. पत्नीला इथल्या शाळेत नोकरी लागली आहे, मुलगी दहावीत आहे. हे बिशपसाहेबांना लिहायचं की नाही, तेवढंच आता ठरत नाही.

निवृत्त_नगरकर

लिहा, पहिल्याच पानावर. आणि झेरॉक्स जवळ ठेवा, ऑफिसात कागद हरवतात.