मदत हवी आहे : लेकीला क्लॅरिनेट शिकवणारं कोल्हापुरात कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. लेक सातवीत आहे, यंदा शाळेच्या बँडमध्ये तिला क्लॅरिनेट मिळालंय. २६ जानेवारीला वाजवायचंय.

खालचे सूर छान गोड लागतात. पण अंगठ्याची कळ दाबून वरच्या सुरांवर गेली की चिर्र करून आवाज फुटतो. काल जवळून बघितलं, तर उजव्या हाताची अनामिका भोकावर पुरती बसतच नाही, कडेला बारीक फट राहते. पोरीची बोटं लहान आहेत हो. रीड (तोंडात धरायच्या टोकाला लावतात ती वेताची पट्टी) तीन नंबरची आहे. दोनची, म्हणजे जरा मऊ लावून बघू का?

घरी पेटीवर साथ करतो. तिनं 'सी' हा सूर वाजवला की तो पेटीच्या काळी पाचला (पाचव्या काळ्या पट्टीला) लागतो. वाद्य बी फ्लॅटचं, म्हणजे 'सी' वाजवला की बी फ्लॅट ऐकू येणारं, असल्यानं ते बरोबरच आहे, म्हणून मीच काळी पाचला सा धरतो.

पोलीस बँडमधून निवृत्त झालेले किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे कुणी जाणकार संध्याकाळी तासभर शिकवतील का? आणि सुट्या रीड गावात कुठं मिळतात? काल रडून झोपली, सकाळी उठून परत वाजवायला बसली. तिची हौस मोडू नये एवढंच वाटतं.