फिनलंडात स्वीडिश बोलणारे कोण? आणि भाचीला कुठल्या बालवाडीत घालावं?

देवगडचो हापूस: मंडळी, बहीण आणि दाजी गेल्या वर्षी फिनलंडला तुर्कूत गेले, भाची तीन वर्षांची. तिकडे रस्त्याच्या पाटीवर नाव दोनदा लिहिलेलं असतं, वर फिनिशमध्ये 'यूलिओपिस्तोन्कातू' आणि खाली स्वीडिशमध्ये 'उनिवेर्सितेत्सगातान', एकच रस्ता. गावालाही दोन नावं, तुर्कू आणि ओबू. आता शेजारीण म्हणते पोरीला स्वीडिश बालवाडीत घाला. हे स्वीडिशवाले तिकडे नोकरीला आलेत का? आणि पाच टक्के लोकांची भाषा शिकून पोरीचं काय होणार, दाजींचं डोकं फिरलंय नुसतं.

कुडाळकर हेलसिंकीत: नोकरीला नाही रे, पिढ्यान्पिढ्या तिथलेच. १८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनचाच भाग, मग रशियाने घेतला, १९१७ ला स्वतंत्र. आज पावणेतीन-तीन लाख लोक घरात स्वीडिश बोलतात. त्यांना 'तुम्ही स्वीडनचे का' विचारलंस तर तोंड वाकडं करतील, ते फिनलंडचेच. राज्यघटनेत दोन्ही राष्ट्रभाषा. पाटीचा नियम सोपा, पालिकेत कमी संख्येवाली भाषा बोलणारे ८ टक्के किंवा ३००० झाले की पालिका दुभाषिक. तुर्कूत टक्का कमी पण माणसं हजारांत, म्हणून दोन नावं. फिनलंडच्याच ऑलंड बेटांवर तर सगळा कारभार फक्त स्वीडिशमध्ये. पोरांच्या मूमिन गोष्टी लिहिणारी टोवे यान्सन आणि कम्प्युटरची लिनक्स सिस्टीम करणारा लिनुस टोरवाल्ड्स दोघंही याच लोकांतले. गंमत म्हणजे इथे 'सेम्ला' मागितलास तर साधा पाव मिळतो, स्वीडनमध्ये मागितलास तर क्रीम भरलेला गोड बन.

वाशिष्ठीकाठी: जुन्या साहेबलोकांची भाषा म्हणून लाड चाललेत, दुसरं काय. फिनिश पोरांना शाळेत स्वीडिश कम्पल्सरी आहे, ते वैतागून त्याला 'पाक्कोरुओत्सी' म्हणतात, म्हणजे सक्तीची स्वीडिश. आमच्याकडे मालवणी बोलणाऱ्यांची पाटी कोणी लावली का?

कुडाळकर हेलसिंकीत: सक्तीचं खरंय, त्यावर इथे कायम भांडणं असतात. बारावीसारख्या परीक्षेतून मात्र २००५ पासून ती सक्ती गेली. पण साहेबलोक म्हणशील तर अर्धंच खरं. हेलसिंकीत बडी घराणी होती, मान्य, पण किनाऱ्यावर सगळे कोळी आणि शेतकरी. नेर्पेस गावात जाऊन बघ, ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटो पिकवतात आणि त्यांची बोली अशी की हेलसिंकीचा स्वीडिशवालाही बघत बसतो. आपल्याकडे पुणेकराला मालवणी ऐकवल्यावर होतं तसंच.

रेवदंड्याचा: आमच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे ना, तिथले ख्रिश्चन लोक घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. तिला 'नोउ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज १७४० ला इथून गेले, बोली राहिली, बोलणारे आता हजाराच्या आतच. ना पाटी ना पुस्तक, शाळा मराठी. तिकडे १८०९ ला राज्य गेलं तरी शाळा, बालवाडी, पेपर, रेडिओ सगळं स्वीडिशमध्ये चालू, तुर्कूत युनिव्हर्सिटीपण आहे. हा फरक बघा वाशिष्ठीकाठी, लाड म्हणून सोडून देऊ नका.

कुडाळकर हेलसिंकीत: हापूस, बालवाडीचं सांगतो. स्वीडिशमध्ये शिकली की स्वीडन, नॉर्वेचं दार उघडं, पण तुर्कूत दुकान, खेळाचं मैदान, दवाखाना बहुतेक फिनिशच, ती यायलाच हवी. स्वीडिशवाली पोरं ती रस्त्यावरच उचलतात, आपल्या पोरीला थोडं जड जाईल. तिकडेच राहायचं असेल तर मी फिनिश बालवाडी म्हणेन. आणि घरात मालवणी सोडू नका, ती तिसरी.

देवगडचो हापूस: थँक्यू. काल व्हिडिओ कॉलवर आईने शिरवाळे दाखवले, तर भाची ओरडली "कीवा!" म्हणजे मस्त. आई म्हणते, "ह्या खंयच्या भाशेतला गो?" बहीण म्हणाली, शब्द फिनिश, पण शेजारीण स्वीडिश बोलतानाही तोच वापरते, पोरगी तिच्याकडूनच शिकली.