मदत हवी आहे: ऑक्टोबरात पणजीत 180 जणांची परिषद, लॉनवर जेवण, पाऊस आणि जनरेटर

रायबंदरकर
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या व्यावसायिक संघटनेची पणजीत दोन दिवसांची परिषद आहे. प्रतिनिधी 180, निम्म्याहून जास्त गोव्याबाहेरचे. हॉटेलचा हॉल 60 बाय 45 फूट, सत्रं संध्याकाळी साडेपाचपर्यंत. पहिल्या रात्री आठला लॉनवर जेवण आणि तासभर गाणं. तीन गोष्टींवर घोडं अडलंय. हॉलमध्ये गोल टेबलं मावतील का? डेकोरेटर म्हणतो 62.5 केव्हीएचा जनरेटर पुरे, साउंडवाला म्हणतो 125 घ्या, कोणाचं ऐकायचं? आणि पाऊस आला तर? कृपया आकड्यांसह सांगा.

सातेरी
गोल टेबलं विसरा. हॉल 2700 चौरस फूट. आठजणी टेबलाला माणशी 14 चौरस फूट धरले तरी 2520 होतात, त्यात 24 बाय 12चं स्टेज म्हणजे आणखी 288. बसत नाही. ओळीत खुर्च्या लावल्या तर माणशी 10 चौरस फुटांत काम होतं आणि मधली वाट, साउंडचं कन्सोल, मागची मोकळी जागा सगळं सुटतं.

पडद्याची उंची शेवटच्या ओळीच्या अंतराच्या सहाव्या भागाइतकी हवी. तुमच्याकडे ते अंतर 45 फुटांच्या आसपास येईल, म्हणजे पडदा 8 फूट उंच. त्याची खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर. एकूण 12 फूट झाले, तेव्हा छत आणि झुंबरं आधी टेपने मोजून घ्या.

केबलवाला
दोघंही आपापल्या हिशोबाने बरोबर असतील. लॉनचा लोड मांडून बघा: साउंड 8 किलोवॅट, दिवे 6, केटररच्या सहा इलेक्ट्रिक शेगड्या 12, कॉफी मशीन 3, बारा मोठे पंखे 3, फ्रीज 2. एकूण 34. पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॅट भागिले केव्हीए, 0.8 धरला तर 42.5 केव्हीए. जनरेटर 75 टक्क्यांपर्यंतच चालवायचा, म्हणजे 62.5चा सेट 47 पर्यंत. निभावतं. लॉनवर 12 बाय 8ची एलईडी वॉल आणलीत की आणखी 6 किलोवॅट, मग 82.5चा सेट. आणि लाइट गेल्यावर हॉलचा एसीही याच सेटवर घ्यायचा असेल तर साधारण 30 किलोवॅट वाढतात, तिथे 125 लागतो. साउंडवाल्याने बहुधा तेच धरलंय. हॉटेलचा स्वतःचा जनरेटर एसी उचलतो का, एवढं लेखी विचारा, प्रश्न मिटला.

आता खरी काळजीची गोष्ट. 62.5च्या सेटवर प्रत्येक फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी प्रत्येकीला, जेमतेम 87 अँपिअर मिळतात. केटररची माणसं आयत्या वेळी येतात आणि समोर दिसेल त्या बोर्डात सगळ्या शेगड्या लावतात. एक फेज ओव्हरलोड, ब्रेकर पडतो, गाणं मध्येच बंद. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, ढिला असणं: मग एका फेजवर व्होल्टेज 300 च्या पुढे जातं आणि साउंडचा मिक्सर, एलईडी प्रोसेसर जळतात. म्हणून साउंडला एक फेज राखून ठेवा, शेगड्या उरलेल्या दोनवर वाटा, सेट चालू करण्याआधी न्यूट्रलचे नट पान्याने आवळून घ्या आणि तिन्ही फेजचं व्होल्टेज मीटरने बघितल्याशिवाय कोणाला प्लग लावू देऊ नका.

ओल्या लॉनवर प्रत्येक बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, हवाच. यात तडजोड नको. केबलचे जोड जमिनीवर नकोत, विटांवर उचलून ठेवा. टेप गुंडाळलेला जोड गवतात पडला की आरसीसीबी सारखा ट्रिप होतो, मग कोणीतरी तो बायपास करतो. अपघात तिथेच होतात.

भिरोंड
रायबंदरकर बाब, ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर सह्याद्रीकडून गडगडत येतो. सकाळचं निरभ्र आकाश बघून काही ठरवू नका. एकाच माणसाला अधिकार द्या आणि वेळ ठरवा: पाच वाजता आल्तिनोवरच्या हवामान केंद्राचं रडारचित्र बघायचं, पूर्वेला ढग दिसले तर जेवण आत. साडेसहाला ‘अजून बघूया’ म्हणालात की दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं.

कापडी मांडवावर भिस्त नको. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी दहा किलो वजन. 20 बाय 20 फुटांच्या सपाट कापडावर ते पावणेचारशे किलोंच्या घरात जातं. उताराच्या छताचं वॉटरप्रूफ हँगर, म्हणजे सांगाड्यावरचा मोठा तंबू, घेत असाल तर आदल्या दिवशीच उभं करा आणि पाणी उतरतं त्या बाजूला बुफे लावू नका. विजेला मात्र हँगरही उपयोगाचा नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माणसं थेट इमारतीत.

रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, तेव्हा गाणं पावणेदहाला संपवा. बंद हॉलला ही अट नाही.

सातेरी
एक राहिलं. पंचांग बघा. नवरात्र त्याच आठवड्यात आलं तर शाकाहारी ताटं एकदम वाढतात. नोंदणीच्या अर्जातच विचारून घ्या. विमानतळही विचारा: तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. एक झुआरीपलीकडे, दुसरा पेडण्यात; एकच बस दोन्हीकडे पुरत नाही.

रायबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त एक अडचण: हॉल साडेपाचला सुटणार, मग आठला तिथेच जेवण कसं मांडायचं?

भिरोंड
सगळ्यांना टेबल देऊ नका. बुफेला साठ टक्के बैठक पुरते, म्हणजे 108 जागा, आठची 14 टेबलं. ती दुपारीच उघडून, कापड घालून मागच्या पॅसेजमध्ये उभी ठेवा. तो फायर एक्झिट नाही ना, तेवढं बघा. आठ माणसांनी खुर्च्या काढायला पाऊण तास, टेबलं मांडायला तेवढाच. स्टेज आणि साउंड हलवूच नका, गायकांना त्याच स्टेजवर बसवा. लॉनसाठी दोन वेगळे पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर आणि छोटा मिक्सर भाड्याने घ्या. जागा बदलली तरी एकही केबल उपटावी लागणार नाही.